भुऱ्यासंगं बस्त्याले

॥ श्री ॥
मळ्यातून, मंगरूळपीर
६ नोव्हेंबर २०२५

चि. तनुजा हिले आजीचे पोटभर आशीर्वाद. आमी सारे इकडं खुशाल आहोत, तुही खुशाली कळवत जाय.

पयली गोष्ट पयले सांगते. तुहा बस्ता ठरला वं बाई! येत्या तेवीस तारखेले, रविवारी, मंगरूळले, रामधनशेटच्या दुकानात. मेडशीहून तुह्या सासरचे येतीन, इकडून आमी जाऊ, अन् दोन्ही घरचे एका गादीवर बसून लग्नाचं सारं कापड घेऊ. तुले सुट्टी नाही, म्हणून शालू तुले फोनमध्ये दाखवू असं तुही माय म्हणते. आमच्या वक्ती नवरीले कोण दाखवत होतं? माहं पातळ मी अंगावर चढल्यावरच पाह्यलं. जांभळं निघालं. मले जांभळा रंग तेव्हाही आवडत नव्हता. जाऊ दे.

मी इतकी खुश आहो का परवा तुळशीच्या लग्नात मंगलाष्टकं संपली तरी मी अक्षता टाकतच राह्यली. संपलं हे समजलंच नाही. तुही माय हात धरून म्हणे आत्याबाई बस करा, तुळस दबून जाईन. तुले तं माहीत आहे, डाव्या कानात कोणी जोरानं बोललं तं थोडं येते, उजवा कान नुसता बाळी घालाले ठेवला आहे. ते कानातलं मशीन लावलं का डोक्यात कुकरच्या शिट्ट्या होते. मी ते पेटीत ठेवून देलं. फोनवर तुहा आवाज येत नाही म्हणून तू कागदावर लिहते, हे लय चांगलं करते. तिसरीपर्यंतची शाळा म्हातारपणी कामी आली.

वांगे यंदा बरे आहेत. सांभाराच्या जुड्या मात्र पावसानं सडल्या. मी अजूनही बुधवारी अन् शनिवारी बस स्टँडजवळ भाजी घेऊन बसते. एकटी नाही, भुऱ्या असतेच. गिऱ्हाईक आलं अन् मी खाली मान घालून मेथी बांधत असली तं तो पदर ओढते. मांगून गाडी आली तं ओढते. कोणी हाक मारली तं ओढते. त्याले कोणी शिकवलं नाही. पिल्लू होता तेव्हा भाकरीसाठी ओढे, मंग त्यालेच समजलं का या म्हातारीले ओढल्याशिवाय काही समजत नाही. आता जिकडं त्याचे कान वळते तिकडं मी पाहते, अन् मले वाटते मी ऐकलं.

म्हणून मी ठरवलं का बस्त्यालेही भुऱ्या संगं पाहिजे. शनिवारी मी रामधनशेटकडं विचाराले गेली. दुकानात पांढरी गादी अशी का दुधाची साय. मी पायरीवर चप्पल काढली. भुऱ्यानं काय काढावं? शेट लगबग उठून आले अन् दोन्ही हात आडवे केले. माणूस चांगला आहे, माह्या कानाशी वाकून समजावून सांगतलं. मांगच्या साली एका बस्त्यात मोकाट कुत्रं आत घुसलं अन् हळदीच्या कापडावर जाऊन बसलं. सारं वऱ्हाड उठून दुसऱ्या दुकानात गेलं. म्हणे आजी, तुमच्यासाठी सारं दुकान मोकळं आहे, पण याले नाही. आता त्याईचंही खोटं नाही. पण माहं काय करू?

घरी तुह्या बापाले सांगतलं तं चंपत शेटच्या वरचा निघाला. म्हणे, दुकानदारानं हो म्हटलं तरी भुऱ्या येणार नाही. कुत्रं पदर ओढीन, मंग सारे विचारतीन काहून ओढते, मंग मेडशीवाल्यायले समजीन का तू बहिरी आहे, मंग ते म्हणतीन खानदानातच असन, उद्या पोरीच्या लेकरायलेही होईन. दोन वर्षांपासून तो लोकांत माह्याशी हळूच बोलते, इतकं हळू का ते कोणालेच ऐकू जात नाही. घरी गोठ्यामांगं मात्र बोंबलते. मी म्हटलं, मंग साखरपुड्यात जे झालं ते बरं झालं काय? तं उठून गोठ्याकडं गेला.

तुले कोणी सांगतलं नसन. मेडशीले तुही आजेसासू विजयमालाबाई माह्याजवळ बसली अन् गंज वेळ काहीतरी सांगत होती. भुऱ्या संगं नव्हता. मी आपली मान हालवत होती. शेवटी मी हासून म्हटलं, देवाच्या दयेनं असंच राहो. मंग घरी आल्यावर तुही माय सांगते, का ती तिचा पाय मोडल्याचं सांगत होती! चार महिने खाटेवर होती बिचारी. तेव्हापासून ती माह्याकडं पाहत नाही.

तूच सांग, भुऱ्याले आणू का नको? तू म्हणशीन तसं करीन. डबा पाठवू का? मुगवड्या वाळल्या आहेत.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुही आजी,
आवडाबाई

॥ श्री ॥
पुणे
१० नोव्हेंबर २०२५

ती. आजीस तनुजाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र कामावर वाचलं आणि ‘असंच राहो’वर इतकी हसले की मॅनेजरने वर पाहिलं. मग रडूही आलं. मुगवड्या पाठव, जास्त पाठव, रूममधल्या पोरी अर्ध्या खाऊन टाकतात.

आजी, आमच्या इथे कपड्यांच्या दुकानात कुत्रे येतात. बाबागाडीत बसून येतात. एकाच्या पायात तर बूट होते, चारही पायांत, आणि बाईसाहेबांच्या पायात साधी चप्पल. दाराशी त्यांच्यासाठी पाण्याचं भांडं ठेवलंय. लोक फोटो काढतात. पण परवा एक चार वर्षांची पोरगी कुत्रा पाहून आईच्या मानेला अशी चिकटली की आईला साडी बघताच आली नाही, दोघी निघून गेल्या. कुत्र्यावाल्या बाई म्हणाल्या, हा काही करत नाही. त्या पोरीला ते कसं कळणार? तेव्हापासून मला कोणाची बाजू घ्यावी तेच कळत नाही. तुझे शेटजीही बरोबर वाटतात आणि तूही.

आता खरं लिहिते. लग्न ठरलं तरी पवनला मी तुझ्या कानाचं अजून सांगितलं नाही. बाबांनी नको म्हटलं होतं आणि मीही घाबरले. तू मला विचारलंस म्हणून सांगते, रागावू नको. एवढा एक दिवस भुऱ्याला घरी ठेव. आई तुझ्याजवळ बसेल, तीच तुला खुणावेल. लग्न झालं की मी स्वतः सगळ्यांना सांगेन.

हे लिहिताना बरं वाटत नाहीये. भुऱ्याला इंजेक्शन दिलंय ना? दरवर्षी द्यावं लागतं.

तुझ्या हाताचा कागद येत राहू दे, त्यावर माझा आठवडा निघतो.
तुझी,
तनुजा

॥ श्री ॥
मळ्यातून, मंगरूळपीर
१४ नोव्हेंबर २०२५

मेडशीच्या विहीणबाई विजयमालाबाई यांस मंगरूळच्या आवडाबाईचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

मी हे पत्र घरात कोणाले न सांगता लिहून राह्यली. माह्या नातीनं मले सांगतलं का कुत्र्याले घरी ठेव, अन् मी तिले तू म्हणशीन तसं करीन असं म्हणून बसली. तिचं मन मोडाचं नाही. पण तिच्या पत्रातच लिहिलं आहे का तिले लिहिताना बरं वाटलं नाही. पोरगी नव्या घरात जाऊन राह्यली अन् जाताना म्हातारीचे कान लपवून नेऊन राह्यली, हे ओझं मले बरं दिसत नाही. म्हणून मीच सांगते.

बाई, मले ऐकू येत नाही. सहा-सात वर्षं झाली, हळूहळू गेलं. माह्या मायले शेवटपर्यंत मुंगीचे पाय ऐकू येत होते, माह्या पोरायलेही सारं ऐकू येते. तनुजाले तं नको ते आधी ऐकू येते. हे खानदानातलं नाही, डॉक्टरनं सांगतलं का वयाचं आहे. तुमचा पाय मोडला हे तुमी मले सांगून राह्यल्या होत्या अन् मी हासून असंच राहो म्हटलं. मले घरी आल्यावर समजलं. तेव्हापासून भाकर खाताना मधीच आठवते अन् घास थांबते. तुमच्या पायाले आता कसं आहे? हे मी तेव्हाच विचाराले पाहिजे होतं.

आता दुसरी गोष्ट. माह्यासंगं भुऱ्या नावाचा कुत्रा असते. कोणी बोललं का तो पदर ओढते, तोच माहा कान आहे. रामधनशेट त्याले दुकानात घेत नाहीत, त्याईची गादी पांढरी, त्याईचं बरोबर आहे. म्हणून मी असं ठरवलं का बस्त्याच्या दिवशी मी बाहेर ओट्यावर बसीन अन् भुऱ्या माह्याजवळ. तुमी सारे आत बसा. फक्त मी आत आली नाही म्हणून तोरा दाखवते असं मनात आणू नका. तोरा दाखवाले माह्याजवळ वांग्याशिवाय काही नाही.

जुळलेलं नातं घट्ट धरून ठेवा, एवढंच मागणं.
आपली,
आवडाबाई

॥ श्री ॥
मेडशी
१८ नोव्हेंबर २०२५

मंगरूळच्या विहीणबाई आवडाबाई यांस विजयमालाचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं. मी ते आधी एकटीने वाचलं, मग सगळ्यांना ओरडून वाचून दाखवलं, कारण आमच्या घरी सगळ्यांना ऐकू येतं आणि कोणी कोणाचं ऐकत नाही. तुमच्याकडे निदान कारण तरी आहे. पवन म्हणाला, आजी, साखरपुड्यापासून तू त्या बाईंना नावं ठेवत होतीस ना? मी म्हटलं, ठेवत होते, आता त्या नावांचं मी पाहून घेते. पाय बरा आहे. थंडीत ठणकतो.

तनुजाने एका म्हातारीच्या कानाची एवढी भीती बाळगावी, याचं मला वाईट वाटलं. तिला तुम्हीच सांगा, आमच्याकडून कोणी काही बोलणार नाही. चंपतरावांनीही आम्हाला सांगितलं नाही, पण त्यांना मी काही म्हणणार नाही. लेकीच्या बापाला काय काय वाटतं, ते मीही तीन लेकी देऊन पाहिलं आहे.

पण कुत्र्याचं अवघड आहे बाई. मी सात वर्षांची होते तेव्हा आमच्या गल्लीत पिसाळलेलं कुत्रं आलं. मला पोटरीला चावलं. मला अकोल्याला नेलं, पोटात सुया दिल्या, मी वाचले. माझ्या धाकट्या भावाला नुसता ओरखडा होता. त्याने आईच्या भीतीने सांगितलाच नाही, आणि आम्हीही पाहिला नाही. तो गेला. त्याला आता साठ वर्षं होऊन गेली, तरी कुत्रं दिसलं की मी मिळेल तो खांब धरून उभी राहते. तुमचा भुऱ्या गुणी असेल, पण माझ्या पोटऱ्यांना ते कोण समजावणार?

तरी तुम्ही एकट्या ओट्यावर बसायच्या आणि मी आत गादीवर, हे मला पटत नाही. बस्त्यातलं पहिलं पातळ देवीचं, आणि त्याला दोन्ही घरच्या थोरल्या बायांचा हात लागल्याशिवाय पुढची गाठ सुटत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून असं करा. भुऱ्याला आणा, पण रस्त्याच्या पलीकडे बांधा. दोरी जाड घ्या. तुम्हाला तो दिसेल आणि मला तो पोचणार नाही. मी तुमच्या डाव्या बाजूला बसेन. आपण दोघी बाहेर, मग आतले काय करतात ते पाहू.

इंजेक्शन दिलेलं आहे का, ते कळवा. नसेल तर आधी द्या, मग या.

येण्याजाण्याने हा जिव्हाळा वाढत राहो.
आपली,
विजयमाला

॥ श्री ॥
मळ्यातून, मंगरूळपीर
२४ नोव्हेंबर २०२५

चि. तनुजा हिले आजीचे कालच्यापेक्षा जास्तीचे आशीर्वाद.

पयले तुही माफी मागते. तू म्हणशीन तसं करीन म्हटलं होतं अन् केलं उलटं. मी तुह्या आजेसासूले सारं लिहून टाकलं. तिचं उलट पत्र आलं ते यासंगंच पाठवते, दोनदा वाचजो. पवनरावायले सारं माहीत आहे. तुले भ्यायचं काही कारण राह्यलं नाही, तं आता जेवण नीट करत जाय.

तुह्या बापाले मात्र यातलं काही माहीत नव्हतं. तुही भीती मी मोडली, त्याची त्यालेच मोडू द्यावी असं मले वाटलं. रविवारी ऑटो आला अन् मी भुऱ्याले घेऊन बसली. चंपत लाल झाला. तोंड हालत होतं, हात हालत होते, ऑटोवाला मांगं वळून पाहत होता. मी काहीच ऐकलं नाही. न ऐकाचं असलं का हे कान लय कामाचे आहेत वं. ढोरायच्या डॉक्टरकडून भुऱ्याले शुक्रवारीच इंजेक्शन देऊन आणलं होतं, तिथी रेड्याले धरून उभे असलेले दोघं भुऱ्याले पाहून मांगं सरकले. रेड्याले भेत नव्हते!

दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडं, उजव्या अंगाले कडुनिंब आहे, त्याले मी भुऱ्याले विहिरीच्या दोरानं बांधलं. मेडशीची गाडी आली. विजयमालाबाई उतरली, भुऱ्याले पाह्यलं अन् तिचा चेहरा असा झाला का मले वाटलं ही आता परत गाडीत बसते. ओट्याचा खांब दोन्ही हातानं धरून उभी राह्यली. मी दोर हातानं ओढून दाखवला, इंजेक्शनचं बोटानं दाखवलं. मंग ती हळूच आली अन् माह्या डाव्या बाजूले बसली, म्हणजे मी भुऱ्याच्या अन् तिच्या मधात. पदर डोक्यावरून असा घट्ट घेतला होता, जसं कुत्रं वरून येणार आहे. भुऱ्यानं एक जांभई देली तं ती माह्या मांडीवर चढाले झाली.

मी तिचा हात सोडला नाही. अन् मी तिले हसली नाही. तिच्या भावाचं तू पत्रात वाचशीनच.

आतमध्ये सारे गादीवर जाऊन बसले होते. तुहा बाप दारात येऊन मले खुणा करे, आत ये, आत ये. तितक्यात विजयमालाबाईनं माह्या कानाशी तोंड आणलं अन् अशा आवाजात विचारलं, वांगे काय भावानं गेले? सारा रस्ता थांबला. चंपतनं ते पाह्यलं. तो दारातच उभा राह्यला, आत गेला नाही न बाहेर आला नाही. त्याले समजलं का यायले समजलं.

मंग शेट देवीचं हिरवं पातळ घेऊन बाहेर आले. आमी दोघींनी हात लावला, कुंकू लावलं. शेट ते घेऊन आत गेले. मंग हळदीचं कापड आलं. सारे म्हणे म्हाताऱ्यायले दाखवून आणा. मंग मामीचं पातळ. मंग आहेराचे शर्टपीस. नोकरं आतबाहेर करून दमले. मंग तुही सासू उठून बाहेर आली, तिले वाटलं आमी बाहेर वेगळंच काहीतरी ठरवून राह्यलो. तिच्यामांगं तुही माय. मंग पवनराव. शेवटी शेटनं डोक्याले हात लावला अन् पांढरी गादीच उचलून ओट्यावर आणून टाकली! म्हणे, एका कुत्र्याले आत येऊ देलं नाही तं माहं सारं दुकान बाहेर गेलं. एक ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टर थांबवून विचाराले लागला, सेल आहे काय? एक बाई तं आमच्यातलीच समजून बसली अन् दोन पातळं बाजूले काढून ठेवले.

विजयमालाबाई कोणी बोललं का माह्या गुडघ्यावर थाप मारे. भुऱ्यापेक्षा जोरात मारते, गुडघा सुजला आहे. मधी एकदा तिनं माहा पदर हातात घेऊन पाह्यला. त्याले दाताची किती भोकं आहेत ते पाह्यलं. मंग शेटले जाड काठाचं पातळ मागतलं अन् तो काठ स्वतः ओढून ओढून पाह्यला. ते माह्या मानाचं घेतलं. भुऱ्याजवळ मात्र ती गेली नाही अन् मीही चल म्हटलं नाही.

आता तुह्या शालूचं. तुले फोनवर दाखवला तेव्हा दोन उरले होते, पोपटी अन् राणी. तुही माय म्हणे, तनुजा म्हणते आजी सांगीन तो. आता हे मले कोण सांगणार? विजयमालाबाई थाप माराले हात उचलूनच होती. पण तुहा बाप उठला. साऱ्यायच्या मधातून वाट काढत आला, व्याह्यायच्या, जावयाच्या, शेटच्या, त्या ट्रॅक्टरवाल्याच्या समोर माह्या डाव्या कानाशी वाकला, तोंडाभोवती दोन्ही हात धरले, अन् बोंबलला. पोपटी का राणी, माय?

मी राणी म्हटलं. अर्धंच आलं होतं मले, पण त्याचं तोंड पाहून बाकीचं समजलं. उरलेलं साऱ्या मंगरूळले ऐकू गेलं. तुलेही फोनमधून आलंच असन.

मुगवड्या विजयमालाबाईले देल्या, तुह्यासाठी नव्या घालते. लेकरा, हा जीव असाच लावत राह्य.
तुही आजी,
आवडाबाई